९०० ग्रॅमचे बूट घ्यावेत की १,४०० ग्रॅमचे?

पत्र: सहा आठवड्यांनी पहिलाच मोठा ट्रेक आहे. सात दिवस, रोज दहा-बारा किलोमीटर, सगळ्यात उंच टप्पा ४,२०० मीटर. वाट बरीचशी मळलेली आहे, पण मध्ये घसारा लागतो, दुपारी पाऊस येतो आणि वर बर्फाचे पट्टे ओलांडावे लागतील. सॅक आठ-नऊ किलोची. दोन बूट बघून ठेवलेत. एक जाळीदार कापडाचा, आत वॉटरप्रूफ अस्तर, जोडीचं वजन ९०० ग्रॅम. दुसरा चामड्याचा, जोडी १,४०० ग्रॅम. ग्रुपमधले म्हणतात, हलका बूट टिकत नाही; आणि कुठलाही घेतला तरी एक साइज मोठा घे. आत्ताच्या रनिंग शूजमध्ये उतारावर अंगठ्यांची नखं काळी पडतात. डावा पाय उजव्यापेक्षा थोडा मोठा आहे. शिवाय वॉटरप्रूफ बुटात पाय घामानेच भिजतात असं ऐकलं. काय घेऊ?

उत्तर: तुमचा ट्रेक आणि सॅकचं वजन बघता हलका बूट योग्य आहे. पण तुम्ही बघून ठेवलेला ९०० ग्रॅमचाच घ्यायचा की दुसरा शोधायचा, हे तो पायात घालून उतारावर उभं राहिल्याशिवाय ठरणार नाही. वजन आणि ‘वॉटरप्रूफ’ हे दोन्ही खोक्यावर छापलेलं असतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. तुम्ही नखांपासून सुरुवात करा. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच आहे.

उतारावर नख काळं पडतं, कारण प्रत्येक पावलाला पाय बुटाच्या आत पुढे सरकतो आणि अंगठा पुढच्या भिंतीवर आदळतो. याची कारणं दोन असू शकतात. बूट लांबीला कमी असेल, किंवा लांबी पुरेशी असूनही टाच आणि पायाची वरची बाजू सैल असेल. पहिल्या कारणावर मोठा साइज हा इलाज आहे. दुसऱ्यावर तोच इलाज केला तर त्रास वाढतो, कारण साइज वाढला की लांबीबरोबर बुटाचा घेरही वाढतो, टाच आणखी मोकळी होते आणि पाय आणखी जोरात पुढे जातो. म्हणून ‘एक साइज मोठा’ हा सल्ला डोळे झाकून घेऊ नका. ब्रिटिश मापात एक साइज म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर, युरोपीय मापात साधारण पावणेसात. तुम्हाला किती हवेत ते मोजूनच ठरवा.

मोजायचं असं. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकला घालणार तेच मोजे घाला. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, पूर्ण वजन त्या पायावर टाका आणि सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. हे बोट अंगठाच असेल असं नाही. पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, दोन्ही पायांचं वेगवेगळं. समजा डावा २४५ आला आणि उजवा २४१. माप नेहमी मोठ्या पायाचं धरायचं. दुकानात बुटातला इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. टाच मागच्या कडेला नीट बसलेली असताना लांब बोटापुढे दहा ते बारा मिलिमीटर जागा उरली पाहिजे, आणि चवड्याच्या दोन्ही बाजू इनसोलच्या कडेबाहेर सांडता कामा नयेत. सांडत असतील तर तो बूट अरुंद आहे. तो ‘वापरून सैल होईल’ असं दुकानदार म्हणेल. चामडं थोडं ताणतं. मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा, लावलेलं कापड आणि रबराची पुढची पट्टी जवळजवळ ताणत नाही.

मग इनसोल परत घालून बूट चढवा. लेस न बांधता पाय पुढे ढकला, बोटं पुढे टेकू द्या. आता टाचेमागे तर्जनी सहज गेली पाहिजे. दोन बोटं गेली तर बूट मोठा. त्यानंतर टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, लेस बांधा आणि चाला. टाच किंचित उचलली जाईल, नव्या बुटात चार-पाच मिलिमीटरपर्यंत चालतं. त्याहून जास्त उचलली तर फोड ठरलेले.

आता खरी कसोटी. बऱ्याच ट्रेकिंगच्या दुकानांत एक उतरती फळी ठेवलेली असते. नसेल तर जिन्याची पायरी वापरा: चवडा पायरीच्या कडेवरून खाली झुकवून उभे राहा किंवा जोर देऊन पायऱ्या उतरा. फळीवर तोंड उताराकडे करून दहा-बारा वेळा पाय आपटा. बोटं पुढे टेकली तर टाचेजवळची पकड घट्ट करून पुन्हा बघा. घट्ट केल्यावर थांबली तर बूट तुमचा. तरीही टेकत असतील तर तो बूट परत ठेवा, मग तो कितीही हलका असो आणि कितीही सवलतीत मिळत असो. हे सगळं दोन्ही पायांत बूट घालून करायचं. एका पायात घालून आरशात बघण्याने काहीच कळत नाही.

पकड घट्ट करण्याची पद्धत इथेच सांगून ठेवतो, कारण तुमच्या नखांना ती ट्रेकभर लागणार आहे. पाय जिथे वर वळून नडगीला मिळतो, त्या वळणावर, पहिल्या हुकाच्या खाली, दोन्ही लेस एकमेकींभोवती एकदा गुंडाळतो तशा दोनदा गुंडाळा आणि ओढा. घर्षणामुळे ती गाठ जागेवर धरून राहते. त्यामुळे खालचा भाग बोटांसाठी मोकळा ठेवून वरचा भाग घट्ट बांधता येतो. मोठा उतार सुरू होण्याआधी थांबायचं, लेस सोडायची, टाच आपटून मागे बसवायची आणि ही गाठ मारून पुन्हा बांधायची. दोन मिनिटांचं काम आहे. चढावर उलट करा: वरचे हुक थोडे सैल, म्हणजे घोटा वाकायला मोकळा राहतो. नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. आदल्या रात्री फार खोल कापली तर कडा दुखतात.

डावा पाय मोठा असल्याची काळजी करू नका, बहुतेकांचं असंच असतं. बूट डाव्याच्या मापाचा घ्या आणि उजव्या बुटात इनसोलखाली पातळ सपाट पॅड घाला. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचा फरक एवढ्याने भरून निघतो. आणि लेबलवर पुरुषांचा की बायकांचा असं जे लिहिलेलं असतं, त्यात अडकू नका. बायकांच्या साच्यात टाच साधारणपणे अरुंद असते, एवढाच कामाचा फरक. अरुंद टाचेच्या पुरुषाला तो साचा बसतो, रुंद चवड्याच्या बाईला दुसरा.

आता वजन. पायावरचं वजन पाठीवरच्या वजनाहून कितीतरी जास्त थकवतं. मोजमापांत हा फरक साधारण पाच-सहा पट येतो. म्हणजे तुमच्या दोन जोड्यांमधला अर्धा किलोचा फरक सॅकमधल्या अडीच-तीन किलोंइतका जाणवेल. दिवसाला बारा किलोमीटर म्हणजे डोंगरात अठरा हजारांच्या आसपास पावलं, आणि प्रत्येक पावलाला पाव किलो जास्त उचलायचं. थकलेला पाय नीट उचलला जात नाही, दगडाला अडखळतो. म्हणून आठ-नऊ किलोच्या सॅकसाठी १,४०० ग्रॅमच्या बुटाची गरज नाही. १५ किलोच्या वर सॅक असती किंवा दिवसेंदिवस वाट सोडून मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या, धोंड्यांवरून जायचं असतं, तर उत्तर वेगळं असतं.

पण तुमच्या ग्रुपचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. बूट हलका करायचा तर कुठून तरी काहीतरी काढावं लागतं, आणि ते कुठून काढलंय हे बघता आलं पाहिजे. बूट हातात घ्या. एका हाताने टाच, दुसऱ्याने चवडा धरून कपडा पिळतो तसा पिळा. थोडा पीळ पडला तर ठीक. सहज पिळला गेला तर आतली कडक पट्टी काढून टाकलेली आहे आणि घसाऱ्यावर तुमचा तळपाय दिवसभर दगडांच्या आकाराने वाकत राहील. मग टोक जमिनीला टेकवून टाच खाली दाबा. बूट चवड्याच्या जागी, जिथे बोटं मुडपतात तिथे वाकला पाहिजे. कमानीखाली मध्येच दुमडला तर नको. पुढे बोटांवर रबराचं कवच आहे का ते दाबून बघा. घसाऱ्यात बोट आणि मेम्ब्रेन दोन्ही त्यानेच वाचतात. शेवटी बूट उलटा करा. रबर सगळीकडे आहे, की मध्ये मऊ फोम उघडा ठेवलाय? उघडा फोम टोकदार दगडांवर चिरतो. जाळीचं कापड पातळ करून किंवा अस्तरातला फोम कमी करून वाचवलेलं वजन चालेल. रबर, बोटांचं कवच आणि कडक पट्टी यांतून वाचवलेलं चालणार नाही.

सोलच्या खाचा चार ते पाच मिलिमीटर खोल हव्यात आणि त्यांच्यात अंतर हवं. दाटीवाटीच्या खाचांत चिखल अडकून सोल गुळगुळीत होतो. टाचेच्या पुढच्या बाजूला ठळक, जवळपास काटकोनातली कड असावी. उतरताना ब्रेक तीच लावते. डोंगरात चालायला रबराचा खाचेदार सोल आला तो इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांच्यामुळे. १९३५ साली आल्प्समध्ये त्यांच्या सहा सोबत्यांचा मृत्यू झाला, त्यानंतर त्यांनी असा सोल बनवायला घेतला आणि १९३७ मध्ये तो आला. सोल बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीचं नाव त्यांच्याच नावावरून पडलं. ते पिवळं चिन्ह असलं की सोल चांगला, असं मात्र धरू नका. एकाच कंपनीची रबरं अनेक प्रकारची असतात: मऊ रबर ओल्या खडकाला धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण ओल्या कातळावर सरकतं. नखाने दाबून फरक कळतो. शेवाळलेल्या दगडावर आणि कडक बर्फावर कुठलंच रबर धरत नाही. तुमच्या बर्फाच्या पट्ट्यांसाठी रबरी पट्ट्याने चढवायचे, बारीक दात्यांचे मायक्रोस्पाइक्स पुरेसे आहेत, तेही सकाळच्या कडक बर्फावर. बूट घेताना ते त्यावर चढवून बघा. वाटाड्या पूर्ण क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे मोठे धातूचे दाते) लागतील म्हणाला तर आधी विचारून घ्या, कारण कडक क्रॅम्पॉन लवचिक बुटावर टिकत नाहीत. बूट वाकतो आणि ते निसटतात.

आता वॉटरप्रूफचं. बहुतेक हलक्या बुटांत बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये मेम्ब्रेनचा मोजा शिवलेला असतो. सगळ्यांना माहीत असलेलं गोअर-टेक्स मुळात ताणलेल्या पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकचं, जे बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये शोधलं. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाला फार लहान आणि वाफेला पुरेशी मोठी असतात. पण वाफ बाहेर जायला आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम आणि दमट असावी लागते. थंड डोंगरात ते होतं. गरम, दमट दिवशी फरकच उरत नाही, म्हणून घाम आतच साचतो. तुम्ही ऐकलेलं खरं आहे, पण ते हवेवर अवलंबून आहे. ४,००० मीटरवर थंड पाऊस आणि बर्फ असताना मेम्ब्रेन घ्यावंच. गरम प्रदेशात रोज गुडघाभर पाण्याचे ओढे पार करायचे असते तर आम्ही साधा जाळीचा शू सुचवला असता, कारण वॉटरप्रूफ बुटात वरून पाणी शिरलं की ते बाहेरही जात नाही. साधा शू चालता चालता निथळतो; वॉटरप्रूफ बूट दुसऱ्या दिवशीही ओला असतो.

पाणी कुठपर्यंत चालेल हे बुटाच्या उंचीवरून ठरत नाही. लेस पूर्ण सोडा, जीभ पुढे ओढा. जिभेच्या दोन्ही बाजूंना घडीचं कापड बुटाला शिवलेलं दिसेल. ते जिथे संपतं, तीच तुमची खरी पाणपातळी. घोट्याएवढ्या उंच बुटातही कधी कधी ते अर्ध्यावरच संपतं. असा बूट ओढ्यात पहिल्याच पावलाला आत पाणी घेतो आणि दोष मेम्ब्रेनला जातो. पावसात पाणी बहुधा वरूनच येतं: पँट भिजते, मोजा भिजतो, मोजा पाणी आत उतरवतो. उपाय म्हणजे पावसाळी पँट बुटाच्या आत न खोचता बाहेरून सोडायची, किंवा गेटर, म्हणजे बुटावरून नडगीपर्यंतची कापडी आवरणं, बांधायचे. मोठ्या ओढ्यासाठी पट्ट्याची हलकी सँडल सॅकला लावून ठेवा.

बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब ओघळून जावेत म्हणून एक लेप असतो. तो चिखलाने आणि घासण्याने जातो. मग कापड पाणी पितं, बूट जड आणि गार होतो, वाफेचा रस्ता बंद होतो आणि आतून ओल येते. मेम्ब्रेन शाबूत असताना ‘बूट गळतो’ अशी तक्रार होते ती बहुतेक याचीच. ओळखायचं असं: घाम असेल तर मोजा सगळीकडे सारखा दमट असतो, गळती असेल तर एकाच जागी ओला डाग असतो, बहुतेक वेळा बोटं मुडपतात तिथे. मेम्ब्रेन तिथेच आधी फाटतं, किंवा आतून वाळू आणि वाढलेल्या नखांनी झिजतं. लेप परत लावता येतो. बूट साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. कपड्यांची पावडर नको, तिचा राहिलेला अंश पाणी ओढतो. मग बुटांसाठीचा पाण्यावर आधारित स्प्रे ओल्या कापडावरच मारा आणि सावलीत वाळवा.

नवा बूट घरी तपासायचा असेल तर आत कोरडा कागद घालून, जिभेच्या घडीच्या खाली दोन सेंटिमीटर पाणी येईल एवढ्या बादलीत पायात घालून पंधरा-वीस मिनिटं उभे राहा आणि चवड्यावर वर-खाली करा. मात्र यानंतर दुकान बूट परत घेणार नाही, म्हणून माप नक्की झाल्यावरच हे करा.

घोट्याबद्दल थोडक्यात: उंच बूट घोटा मुरगळण्यापासून वाचवतो असं सगळे म्हणतात, पण तो भरवसा फार धरू नका. टाच घट्ट बसणं आणि सोल न पिळणं यानेच जास्त फरक पडतो. तरी घसारा आणि बर्फ आहे म्हणून मध्यम उंची घ्या; खडे आणि बर्फ आत जात नाहीत.

एक गोष्ट दुकानात हमखास विसरली जाते. जिभेच्या आतल्या लेबलवर बूट कधी बनवला ते बहुधा असतं. पॉलियुरेथेनचा मिडसोल, म्हणजे खालच्या रबराच्या वरचा मऊ थर, हवेतल्या दमटपणाने न वापरताही आतून कुजतो आणि काही वर्षांनी चालता चालता सोल सुटून पडतो. चार-पाच वर्षं गोदामात पडलेला बूट, सवलतीत असला तरी, सोडून द्या. हलक्या बुटांत बहुतेक ईव्हीए फोम असतो. तो असा कुजत नाही, पण दबत जातो. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर गादी बसलेली असते. ग्रुपमधले ‘टिकत नाही’ म्हणतात ते याला. तुमच्या एका ट्रेकला आणि पुढच्या अनेक ट्रेकना तेवढं पुरेल.

सहा आठवडे हलक्या बुटाला भरपूर आहेत. जाड चामड्याला रुळायला तेवढे कमीच पडले असते. पहिला आठवडा फक्त घरात, रोज तासभर. मग सपाटीवर पाच किलोमीटर. तिसऱ्या आठवड्यापासून सॅकसह चढ-उतार किंवा जिने, आणि पाचव्यापर्यंत निदान दोनदा चार-पाच तासांची चाल, त्यातली एक पावसात किंवा ओल्या गवतात. चालताना एखादी जागा गरम झाल्यासारखी वाटली की तिथेच थांबून टेप लावा. फोड आल्यावर लावलेली टेप उशिराचीच. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती मोजा ओला झाला की वाळत नाही आणि कातडं मऊ करून सोलून काढतो. तीन जोड पुरतात: दोन आलटून पालटून चालायला, एक फक्त झोपताना.

मुक्कामाला पोचल्यावर इनसोल काढा, लेस पूर्ण सैल करा, बूट ओले असतील तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. शेकोटीजवळ किंवा स्टोव्हजवळ ठेवू नका. डिंक मऊ होऊन सोल उचकटतो. वरच्या मुक्कामांत रात्री बूट पिशवीत घालून तंबूच्या आत घ्या, नाहीतर सकाळी ते गोठून लाकडासारखे कडक झालेले असतात आणि पाय आत जात नाही. थंडीत लेस करकचून बांधू नका, रक्त अडतं आणि बोटं आणखी गार पडतात.

सॅकमध्ये लेसची एक जादा जोडी, चिकटपट्टीचे दोन-तीन मीटर पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळून, आणि चार-पाच प्लॅस्टिकच्या केबल टाय ठेवा. सोल पुढून सुटला तर टाय खाचांमधून आडव्या घालून वर आवळा, डोकं बाजूला वळवा आणि वरून चिकटपट्टी फिरवा. एवढ्यावर गाव गाठता येतं.